मोंजिनी बंधूंचे नाव, खोराकीवालांचा केक आणि आपली भट्टी

मुंबई-पुण्याला मालाच्या खरेदीसाठी जाणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंनी 'मोंजिनीज' ही केकच्या दुकानाची पाटी निश्चितच पाहिली असेल. हे नाव कोणत्या भाषेतले, असा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडला असेल. कोणाला ती इंग्रजांची कंपनी वाटते, कोणाला पारशांची. वस्तुतः हे आडनाव आहे. इटलीहून येऊन मुंबईत खाद्यपदार्थांचा व्यवसाय करणाऱ्या दोन सख्ख्या भावांचे ते आडनाव होते, आणि १९५८ सालापासून ते एका मुस्लिम व्यापारी घराण्याच्या मालकीचे आहे.

ही हकीकत या पानावर देण्याचे कारण उघड आहे. बेकरी, हॉटेल, बिर्याणीचा हंडा, लग्नाचे जेवण या धंद्यांत आपल्या समाजाचे जितके हात गुंतलेले आहेत तितके दुसऱ्या क्वचितच एखाद्या धंद्यात असतील. आखाडा बाळापूर, कळमनुरी, वारंगा फाटा, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात कोणत्याही बेकरीत डोकावा. पहाटे तीनला मैदा मळणारा, खारीचे पदर घालणारा, भट्टीच्या तोंडाशी उभा राहणारा कारागीर बहुधा आपलाच असतो. त्याच्या हुनराविषयी वाद नाही. परंतु तीस-तीस वर्षे भट्टीशी झुंजूनही हा कारागीर कारागीरच राहतो, आणि जो मालक होतो त्याचे दुकान बहुधा त्याच्या जनाज्यानंतर फार काळ टिकत नाही. मुलगा पुण्याला नाहीतर हैदराबादला निघून जातो, भट्टी थंड पडते, आणि गावातल्या किराणा दुकानात बाहेरच्या कंपनीचा पुडक्यातला केक लागतो. असे का होते, याचा विचार करताना परमुलखात जाऊन खाण्याच्या धंद्यावर उभ्या राहिलेल्या काही माणसांचे व्यवहार तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल, असे आम्हास वाटते.

भट्टीचा इतिहास हाच मुळी परदेशातून आलेल्यांचा इतिहास आहे. 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा. गोव्यातून तो पाव मुंबईला आला. आपल्या भागापुरते बोलायचे तर हिंगोलीत एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची छावणी जेथे पडते तेथे डबलरोटीची गरज पडतेच. पुढे निजामी राजवटीत हैदराबादच्या इराणी हॉटेलांची चहा-बिस्किटांची चाल परभणी-नांदेडपर्यंत पोचली. बाळापूरच्या हॉटेलात आज जो कडक चहा आणि मस्का लावलेला बन मिळतो, त्याचा वंशवृक्ष शोधू गेल्यास वाट हैदराबादमार्गे इराणच्या दिशेने जाते.

मुंबईतले इटालियन

मोंजिनी बंधूंचा धंदा मुंबईच्या फोर्ट भागात विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या काळातला. फोर्ट म्हणजे बँका, आगबोट कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांचा भाग. तेथील युरोपीय लोकांमध्ये मोंजिनींच्या केटरिंगचा लौकिक होता. गोऱ्या साहेबाला स्वतःच्या देशातल्या चवीचे जेवण, केक आणि पेस्ट्री हवी होती. ती देऊ शकणारे लोक शहरात मोजकेच, त्यामुळे दामही चांगले मिळत असणार. परदेशात जाणारा आचारी प्रथम स्वतःच्या किंवा आपल्यासारख्या लोकांच्या जिभेवर धंदा उभा करतो, हा सर्वत्र दिसणारा नियम येथेही दिसतो. आखाती देशांत गेलेल्या आपल्या बांधवांनी तेथे काढलेली बिर्याणीची हॉटेले याच नियमाने चालतात.

या नियमात एक धोका आहे. गिऱ्हाईक निघून गेले की धंद्याचा पाया सरकतो. १९४७ नंतर साहेबलोक बोटीत बसून मायदेशी गेले. ज्या मुंबईत ते केक खात होते ती मुंबईच बदलली. १९५८ साली खोराकीवाला कुटुंबाने मोंजिनींचा हा व्यवसाय विकत घेतला. दाऊदी बोहरा समाजातील हे व्यापारी घराणे मुंबईत 'अकबरअलीज' या मोठ्या दुकानामुळे नावारूपास आले होते. औषधनिर्मितीतील वोकहार्ट कंपनीही याच विस्तारित घराण्यातली. अर्थात हे लोक आचारी नव्हते, व्यापारी होते. त्यांनी काय घेतले आणि काय बदलले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

त्यांनी नाव ठेवले. आपल्यापैकी कोणी असे दुकान घेतले असते तर दुसऱ्या दिवशी पाटी उतरवून स्वतःच्या वडिलांच्या नावाची पाटी लावली असती, हे आम्ही खात्रीने सांगतो. वडिलांविषयीचा आदर समजण्यासारखा आहे, परंतु गिऱ्हाईकाच्या मनात अर्ध्या शतकात जमलेली पत अशा वेळी एका दिवसात पुसली जाते. खोराकीवालांनी इटालियन नाव तसेच ठेवले आणि बाकी जवळजवळ सर्व बदलले.

१९७१ साली मोंजिनीज फूड्स प्रायव्हेट लिमिटेड ही कंपनी झाली आणि फ्रँचायझीची पद्धत स्वीकारली गेली. म्हणजे दुकान स्थानिक माणसाचे, नाव व माल कंपनीचा. शिवाय माल एकाच ठिकाणी तयार करून देशभर पाठवायचा नाही. त्या त्या भागात कारखाना, त्या त्या भागातली वाटणी आणि त्या त्या भागाची चव, असे धोरण राहिले. ताज्या क्रीमचा केक रात्रभर ट्रकमध्ये टिकत नाही, हे साधे व्यावहारिक कारण यामागे आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गुजरातच्या गिऱ्हाईकाला अंड्याविना केक हवा आणि बंगालच्या गिऱ्हाईकाला दुसरे काही हवे, हे धोरणात धरले गेले. फोर्टमधल्या साहेबाचा केक अशा रीतीने चाळीतल्या मुलाच्या वाढदिवसापर्यंत आला. पुढे पुडक्यातले केकही आले. २०१२ च्या सुमारास देशात पाचशेच्या आसपास दुकाने झाली होती. इजिप्तमध्येही या नावाची दुकाने निघाली. इटलीचे आडनाव, मुंबईचा मुस्लिम मालक आणि कैरोचे गिऱ्हाईक, असा हा प्रवास आहे.

दुधाच्या बाटलीतला रस्सा

मोंजिनी बंधूंचे नाव दुसऱ्यांच्या हाती वाढले. आता दुसऱ्या एका इटालियनाची गोष्ट पाहू, ज्याने आपले नाव स्वतःच मोठे केले आणि स्वतःच विकले. ती अमेरिकेतली आहे, पण धंद्याची कलमे तीच.

एत्तोरे बोयार्डी हा १८९७ साली उत्तर इटलीतील पिआचेन्झा भागात जन्मला. अकराव्या वर्षी तो हॉटेलच्या स्वयंपाकघरात उमेदवारीला लागला. १९१४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो बोटीने न्यूयॉर्कला उतरला. त्याकाळी इटलीतून अमेरिकेत जाणाऱ्यांची रीघ लागली होती. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत चाळीस लाखांवर इटालियन तेथे गेले. बहुतेक खाणीत, रस्त्यावर, गोदीत मजुरी करणारे. ज्यांच्या हाताला चव होती ते स्वयंपाकघरात गेले. एत्तोरेचा मोठा भाऊ पाओलो न्यूयॉर्कच्या प्लाझा या बड्या हॉटेलात कामाला होता. भावाने त्याला तेथे लावून घेतले. आपल्याकडे पुण्यातल्या बेकरीत गेलेला बाळापूरचा तरुण गावातल्या चुलत भावाला बोलावून घेतो, अगदी तसेच. धाकटा हुशार निघाला आणि मुख्य आचाऱ्याच्या जागेपर्यंत चढला.

पगार चांगला होता. तरीही १९२४ साली त्याने क्लीव्हलँड शहरात स्वतःचे हॉटेल काढले. जेवण घरगुती इटालियन: शेवयांसारखी स्पॅगेटी, तिच्यावर टोमॅटोचा रस्सा, वरून किसलेले चीज. कुटुंबे घेऊन लोक येऊ लागले. आणि मग तो प्रसंग घडू लागला जो आपल्या प्रत्येक चांगल्या बावर्चीच्या आयुष्यात घडतो: गिऱ्हाईक म्हणू लागले, हा रस्सा घरी न्यायला द्या.

अशा वेळी आपला बावर्ची काय करतो? हसतो, सलाम करतो आणि डब्यात दोन पळ्या जास्त घालून देतो. बोयार्डीने दुधाच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, त्यांत रस्सा भरला आणि विकायला लागला. लोक स्पॅगेटीही मागू लागले, तर कोरडी स्पॅगेटी, बाटलीभर रस्सा आणि चीज असा जोड तयार झाला. मागणी स्वयंपाकघराच्या आवाक्याबाहेर गेली. हॉटेलात जेवायला येणारे एक दांपत्य किराणा दुकानांची साखळी चालवीत होते. त्यांनी हा माल डब्यात कसा भरावा व दुकानांत कसा पोचवावा, याची वाट दाखविली. १९२८ साली कारखाना उभा राहिला.

येथे थांबून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हॉटेलातला रस्सा हाताच्या अंदाजाने होतो. टोमॅटो आंबट निघाला तर उस्ताद चाखून साखर टाकतो. कारखान्यातला रस्सा अंदाजाने होऊ शकत नाही. ज्या दिवशी बाटली दुकानाबाहेर गेली त्या दिवशी माप लिहावे लागले. किती वजनाला किती मीठ, किती वेळ आच, किती दिवस टिकणार, हे सर्व कागदावर आले. हुनर हातातून कागदावर उतरवता आला म्हणूनच तो दहा माणसांना शिकवता आला. आपल्या भागातील भट्टीवाल्यांना आम्ही वेळोवेळी विचारले आहे की जिरा बटरचे किंवा नानखटाईचे माप कोठे लिहिलेले आहे काय. उत्तर बहुधा एकच मिळते: सब हाथ में है. हात थकतो तेव्हा मापही जाते.

नावाच्या बाबतीतही या माणसाची व्यापारी बुद्धी दिसते. बोयार्डी हे आडनाव अमेरिकनांना उच्चारता येईना. त्याने डब्यावर नाव उच्चाराप्रमाणे छापले, 'शेफ बोय-आर-डी', आणि शेजारी पांढरी उंच टोपी घातलेले स्वतःचे चित्र. १९३८ साली कारखाना पेनसिल्व्हेनियातील मिल्टन या लहान गावी हलविण्यात आला, कारण तेथे टोमॅटोची शेती जवळ होती. कच्चा माल पिकतो तेथे कारखाना नेणे, हा हिशेब आपल्या वसमत-हिंगोलीच्या हळदवाल्यांना सांगावा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी डब्यातले जेवण पुरविताना हा कारखाना रात्रंदिवस चालला.

आणि मग अडचण आली. धंदा फार वेगाने वाढला होता. रोख रकमेची ओढाताण होऊ लागली. एत्तोरे, पाओलो आणि मारिओ या तीन भावांच्या कुटुंबात मालकी व पुढची दिशा यांवरून मतभेद झाले. १९४६ साली ही कंपनी अमेरिकन होम फूड्स या मोठ्या उद्योगाला सुमारे साठ लाख डॉलरना विकण्यात आली. त्यावेळच्या दराने ते सुमारे दोन कोटी रुपये होतात. एत्तोरे स्वतः कंपनीच्या जाहिरातींत पुढेही अनेक वर्षे झळकत राहिला. चेहरा त्याचा, मालकी दुसऱ्याची. १९८५ साली तो वारला. डब्यावर त्याचे चित्र पुढेही राहिले. २०२५ साली हेच नाव मिल्टनच्या कारखान्यासह पुन्हा विकले गेले, तेव्हा किंमत साठ कोटी डॉलर ठरली. ऐंशी वर्षांत पैशाचे मोल घटले हे धरूनही, भावाभावांनी तेव्हा काय सोडले याचा अंदाज येतो. अर्थात साठ लाख डॉलर ही रक्कम लहान नव्हती आणि सोळा वर्षांचा असताना बोटीतून उतरलेल्या आचाऱ्याला कोणी अयशस्वी म्हणणार नाही. तथापि हुनरात, मालात, नावात कोठेही उणे नसताना केवळ घरातल्या वाटणीमुळे धंदा हातातून जाऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

इराण्यांचा कोपरा

घरातल्या वाटणीचा हाच प्रश्न आपल्या राज्यात ज्यांना भोवला, ते म्हणजे इराणी हॉटेलवाले. इराणच्या यझ्द व केरमान भागातून आलेल्या या लोकांत झरतुष्ट्री होते तसे मुसलमानही होते. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा अशुभ मानून इतर दुकानदार घेत नसत. इराण्यांनी तीच घेतली. कोपऱ्यावर दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक येते, हे त्यांना ठाऊक होते. संगमरवरी टेबले, बन-मस्का, पाणीकम चहा, आणि आत पडदा लावलेली 'फॅमिली रूम', जेथे बायका-मुले निर्धास्त बसू शकत. परक्या शहरात कुटुंबाला बाहेर जेवायला आणण्याची सवय या लोकांनी लावली. मुंबईत कयानी १९०४ चे, ग्रँट रोड स्टेशनजवळचे मेरवान १९१४ चे. बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे; तेथे आरंभी साहेबांसाठी युरोपीय पद्धतीचे जेवण होते, आणि ज्या बेरी पुलावासाठी पुढे लोक लांबून येऊ लागले तो १९८० नंतर घरातल्या सुनेने आणला. पुण्याच्या डेक्कनवरील गुडलक १९३५ साली हुसेन अली याक्षी या इराणी मुसलमानाने काढले. सिकंदराबादचे पॅरडाईज १९५३ साली त्याच नावाच्या चित्रपटगृहाच्या छोट्या कँटीनपासून सुरू झाले आणि इराणी वंशाच्या कुटुंबाच्या हाती बिर्याणीचे मोठे नाव बनले.

असे असूनही मुंबईतली शेकड्यांनी असलेली इराणी हॉटेले बंद पडत पडत आता थोडीच उरली आहेत. उडपी हॉटेलांची स्पर्धा हे एक कारण सांगतात, शिकलेली मुले धंद्यात येत नाहीत हे दुसरे. दोन्ही खरी आहेत. पण ज्यांनी ही दुकाने जवळून पाहिली त्यांना तिसरे कारण माहीत आहे. एका दुकानाचे दोन भागीदार, त्यांची सहा मुले, मग वीस नातवंडे. जागा जुन्या भाड्याची. कोणी चालवू म्हणतो, कोणी विकू म्हणतो. शेवटी विकू म्हणणाऱ्याचे चालते.

आपल्याकडे हिशेब कसा होतो, तो एकदा आकड्यांत पाहू. समजा, एका बेकरीवाल्याचा इंतकाल झाला. मागे पत्नी, तीन मुले, दोन मुली. आई-वडील हयात नाहीत. कर्ज फिटलेले आहे. शरीअतप्रमाणे पत्नीला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे बेकरीचे ६४ हिस्से केले तर पत्नीचे ८, प्रत्येक मुलाचे १४, प्रत्येक मुलीचे ७. (मुलींचे हे सात हिस्से प्रत्यक्षात किती घरांत दिले जातात, हा प्रश्न आम्ही येथे नुसता विचारून ठेवतो.) वाटणीत अन्याय नाही; पण भट्टीचे ६४ तुकडे होत नाहीत. मालकी वाटली जाते आणि चालविणारा एकच असतो, हे ध्यानात घेऊन हयातीतच लेखी व्यवस्था करणारे फार थोडे. चालविणाऱ्या मुलाला कामाचा महिना किती, उरलेल्या नफ्यात कोणाचा वाटा किती, बाहेर पडणाऱ्या भावाला कोणत्या किमतीने व किती हप्त्यांत पैसे द्यायचे, या तीन गोष्टी कागदावर असल्या तर निम्मे तंटे होणारच नाहीत.

भागीदारीचेही तसेच आहे. भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा. त्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे लिहिलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारी संपते. ६९ व्या कलमाप्रमाणे नोंदणी नसलेल्या भागीदारी पेढीला कराराचा हक्क बजावण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. म्हणजे लग्नाच्या पाचशे पानांचे जेवण उधार नेणारा फिरला तर दरवाजा बंद. आमच्या ओळखीचे कित्येक मेहनती भागीदार 'जबान' या एका शब्दावर दुकाने चालवितात. जबानीचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, हा आदेश खुद्द कुरआनच्या सूरह बकरहमध्ये, २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे.

फ्रँचायझी घ्यावी काय?

बाळापूरसारख्या गावात आज ज्याच्याकडे महामार्गालगत गाळा आहे आणि हाताशी दोन-चार लाख रुपये आहेत, त्याच्यापुढे दोन वाटा असतात: एखाद्या केक-पिझ्झा कंपनीची फ्रँचायझी घेणे, किंवा स्वतःची भट्टी लावणे. दोन्हींचा हिशेब मांडून पाहावा. पुढील आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.

समजा, फ्रँचायझीच्या दुकानात रोजची विक्री ५००० रुपये आणि कमिशन शेकडा २०. म्हणजे हाती १०००. त्यातून जागेचे भाडे २५०, फ्रीजसह वीजबिल २००, पोराचा रोज ३५०; उरले २००. एखाद्या दिवशी ३०० रुपयांचे केक न खपता शिळे झाले आणि ते कंपनी परत घेत नसेल, तर त्या दिवशी शंभराचा तोटा. म्हणून करारात पहिली ओळ पाहायची ती कमिशनची नव्हे, परत मालाची. दुसरी ओळ, जवळच दुसरे दुकान देणार नाही अशी हमी आहे काय. तिसरी, अनामत कधी व कशी परत मिळणार. चौथी, सजावट व पाटी बदलण्याचा खर्च कोणाचा, कारण कंपनीला दर काही वर्षांनी नवा रंग आवडतो.

स्वतःच्या भट्टीत समजा रोजची विक्री ३००० च आहे. मैदा, साखर, तूप-डालडा, सरपण मिळून १८००, दोन कारागीर ८००, उरले ४००. जागा भाड्याची असेल तर त्यातूनही २५० जातील आणि उरतील १५०. शिवाय डोकेदुखी पुष्कळ: कारागीर सणाला गावी गेला की भट्टी बंद, मैद्याचा भाव चढला की पावाचा भाव लगेच चढविता येत नाही. तेव्हा आरंभीच्या वर्षांत फ्रँचायझी अधिक सुखाची वाटते, आणि ज्याला कामाचा अनुभव नाही त्याने ती घेणे गैर नाही. माल मांडणे, तारीख पाहणे, स्वच्छता, हिशेब या गोष्टी तेथे शिकायला मिळतात. मात्र दहा वर्षांनी दोघांकडे काय उरते? पहिल्याने दहा वर्षे दुसऱ्याचे नाव बाळापुरात मोठे केलेले असते. दुसऱ्याचा माल चांगला असेल तर वारंगा फाट्याचा चहावाला, कळमनुरीचा किराणावाला त्याचेच टोस्ट मागतो. ज्याच्या हातात आधीच हुनर आहे त्याने दुसऱ्याच्या नावाखाली उभे राहण्यापूर्वी दहादा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. खोराकीवालांच्या गोष्टीत आपल्याला शिकायचे आहे ते नाव देणाऱ्याकडून. नाव घेणारे पुष्कळ आहेत.

नवा पदार्थ आणताना एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पिझ्झा-पास्ता आता तालुक्याच्या गावांतही तरुण मंडळी मागतात, आणि ज्याला पाव व खारी येते त्याला पिझ्झ्याचा पाव कठीण नाही. खमीर तेच, भट्टी तीच. परंतु इटालियन स्वयंपाकात दारू व डुकराचे मांस सर्रास चालते, म्हणून परदेशी कृती जशीच्या तशी उचलू नये. चीज घट्ट करण्यासाठी रेनेट वापरतात. अस्सल इटालियन पार्मेझान चीजमध्ये ते वासराच्या जठरातून काढलेले असते. आपल्याकडे हिरव्या ठिपक्याचे चीज मिळते, त्यात प्राणिज रेनेट नसते. केकवरच्या चकचकीत थरात जिलेटिन असू शकते, व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असू शकते. डब्यावरचे बारीक अक्षर वाचावे आणि शंका असल्यास आलिमांना विचारावे. आपल्या दुकानावर मुस्लिम गिऱ्हाईक डोळे झाकून विश्वास ठेवते, आणि शाकाहारी हिंदू गिऱ्हाईकही अंड्याविना केकची ट्रे वेगळी आहे ना, हे पाहते. दोघांना एकाच उत्तराने संतुष्ट करता येते: काय घातले ते पुडक्यावर छापावे.

नावाची नोंदणी

शेवटी, नावाविषयी. दुकानाची शॉप अॅक्ट खालील नोंद किंवा अन्न परवाना म्हणजे नावाची मालकी नव्हे, हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. नावाची मालकी ट्रेड मार्क कायदा १९९९ खाली नोंदविली जाते. पाव, केक, बिस्किटे, खारी हा माल वर्ग ३० मध्ये येतो. हॉटेल व केटरिंगची सेवा वर्ग ४३ मध्ये. दोन्ही करणाऱ्याला दोन वर्गांचे पैसे भरावे लागतात. एकट्या व्यक्तीने किंवा लघुउद्योगाने ऑनलाइन अर्ज केल्यास २०१७ च्या नियमांप्रमाणे एका वर्गाचे शुल्क ४५०० रुपये ठरले, मोठ्या कंपन्यांना ९०००. वकिलाची फी वेगळी. नोंदणी दहा वर्षांची असते व पुढे दर दहा वर्षांनी वाढविता येते. नाव आधीपासून वापरात असेल तर जुनी बिले, छापील पुडकी, पाटीचे फोटो जपून ठेवावेत. कोणी आक्षेप घेतला तर किती वर्षांपासूनचा वापर आहे हे त्यावरून दाखविता येते. भागीदारी असेल तर अर्ज पेढीच्या नावे करायचा की एका भागीदाराच्या, हे आधी ठरवून करारात लिहावे, कारण पुढे फुटाफूट झाली तर नाव कोणाकडे जाणार हे त्या ओळीवर ठरते.

अर्जापूर्वी रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर आपल्यासारखे नाव कोणी घेतले आहे काय, ते विनाशुल्क पाहता येते. स्टार, न्यू, रॉयल, ताज अशा नावांवर भिस्त ठेवणाऱ्यांना तेथे बहुधा निराश व्हावे लागेल. ही नावे प्रत्येक जिल्ह्यात डझनाने आहेत. आजोबांचे नाव, मोहल्ल्याचे नाव, एखाद्या पदार्थाला गावकऱ्यांनीच दिलेले टोपणनाव यांपैकी काही असेल तर ते आधी शोधून पाहावे. अर्ज भरण्याचे काम नांदेड-हिंगोलीतील करसल्लागारांकडून करून घेता येते. अर्ज कोणाच्या नावे भरला गेला, ते पोचपावतीवर स्वतः वाचून घ्यावे.